वंशावळीत नसलेली आत्याआजी

हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलाची दोन प्रश्न कधी पाठ सोडत नाहीत. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, "तू हैदराबादचा? मग मराठी इतकं चांगलं कसं?" आणि इथले तेलुगू मित्र विचारतात, "तुमचं नेटिव्ह प्लेस कोणतं?" पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याचं उत्तर आमच्या घरात "नांदेडकडचं" एवढंच होतं.

आपल्यापैकी बऱ्याच घरांची गत अशीच आहे. निजामाच्या संस्थानात मराठवाडा, तेलंगणा आणि गुलबर्गा-बिदर-रायचूर हा कानडी मुलूख एकत्र नांदत होता. नांदेडचा मुलगा हैदराबादेत कारकून व्हायचा आणि त्याच्या बहिणीला गुलबर्ग्याचं स्थळ यायचं, त्यात कुणाला परगावी गेल्यासारखंही वाटत नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात. घरं तीन राज्यांत विभागली गेली, पुढे शाळेची भाषाही वेगळी झाली. एका पिढीनं पत्रं लिहिली, दुसरीनं लग्नपत्रिका पाठवल्या, तिसरीला नावंही आठवेनात. मी चौथ्या पिढीतला.

गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी आमच्या घराण्याचा शोध घेतोय. एका बाजूला जुने कागद आणि दुसऱ्या बाजूला डीएनए चाचणीचा अहवाल. दोन्हींतून काय मिळतं, काय मिळत नाही आणि हात घालण्याआधी घरात काय बोलून घ्यावं, ते इथं सांगतो.

वंशावळ नावाचा कागद

आमच्याकडे आजोबांच्या हातची वंशावळ आहे. फुलस्केप कागदावर शाईनं लिहिलेली, दहा पिढ्यांची. लहानपणी मला तो कागद म्हणजे आमच्या घराण्याचा संपूर्ण इतिहास वाटायचा. इंजिनिअरच्या सवयीनं हिशेब मांडला आणि चित्र बदललं.

प्रत्येकाला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. असं आठ पिढ्या वर गेलं की त्या एका पिढीत २५६ पूर्वज होतात आणि मधले सगळे धरून बेरीज ५१० होते. नात्यातल्या लग्नांमुळे काही माणसं दोनदा मोजली जातात, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी असतो. या ५१० पैकी आमच्या वंशावळीत आठ नावं आहेत: वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. बाकीच्या पाचशेंचा पत्ता नाही आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत.

कागदावर एक शब्द जागोजागी आहे, 'निपुत्रिक'. माझी समजूत अशी, की त्या माणसाला मूलबाळ नव्हतं. आत्या म्हणाली, "अरे, त्यांना चार मुली होत्या की! एक तर आपल्या काचीगुड्यातच दिली होती." शब्द तंतोतंत खरा आहे, पुत्र नव्हता. चार मुलींचं अख्खं गोत त्या एका शब्दाखाली झाकलं गेलं.

दुसरं अक्षर आहे 'द.', म्हणजे दत्तक. आमच्या सहाव्या पिढीतल्या एका नावापुढे ते आहे. वतन आणि घराणं चालू राहावं म्हणून दत्तक घेणं आपल्याकडे सर्रास होतं. बडोद्याचे सयाजीराव महाराज तिसरे हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेले, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्याच घरातलं ते 'द.' बाबांना दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वरची नावं आपली नाहीत?" त्यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली. शेवटी बाबांनीच निकाल दिला: आडनाव, कुलदैवत आणि गाव ज्यांच्याकडून आलं ते आपलेच आणि ज्यांच्या घरून तो मुलगा आला तेही आपलेच. आता त्या दुसऱ्या घराचाही शोध सुरू आहे.

कागद कुठे सापडतात

हैदराबाद संस्थानातल्या मंडळींची खरी अडचण लिपीची. दरबारी कामकाज आधी फारसीत आणि १८८० च्या दशकानंतर उर्दूत चाले. गावातला मराठी हिशेब मोडीत. म्हणजे माझ्या पणजोबांचं नाव दोन लिप्यांत लिहिलेलं आहे आणि त्यांतली एकही मला शाळेत शिकवली नव्हती.

ज्यांच्याकडे इनाम किंवा वतन होतं, त्यांनी 'मुंतखब' शोधावा. इनामाच्या चौकशीनंतर सरकारातून मिळणारा हा हुकूम. वारसा ठरवायचा असल्यानं त्यात अनेकदा 'शजरा', म्हणजे वंशवृक्ष असतो. आमचा मुंतखब एका चुलतकाकांच्या ट्रंकेत, वीजबिलांच्या खाली निघाला. ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी दोन संध्याकाळ बसून तो वाचून दिला. त्यात गावाचं नाव स्पष्ट होतं, त्यामुळे "नांदेडकडचं" या उत्तराला अखेर पत्ता मिळाला. ज्यांची फक्त शेती होती, त्यांना गावच्या तहसील कार्यालयात १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक उपयोगी पडतं. मराठवाड्यात २०२३ पासून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून 'वंशावळ' हा शब्द तिथल्या तहसीलमध्ये रोजचा झालाय. त्यामुळे आता असे कागद मागणाऱ्याकडे कुणी विचित्र नजरेनं बघत नाही. आपल्या तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे, तिथं मुघल आणि निजाम काळातली फारसी-उर्दू कागदपत्रं जपलेली आहेत.

पुण्याकडचा संबंध असेल तर पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आहे. मोडी कागदांचे हजारो रुमाल तिथं आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. ते बाळबोध लिपीत आहेत, त्यामुळे सुरुवात तिथून करता येते. मोडी शिकणं वाटतं तितकं अवघड नाही. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत आजोबांचं पत्र अडखळत का होईना, वाचता येतं. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे.

सगळ्यांत जिवंत नोंदी मात्र तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार. पूर्वज यात्रेला गेले की तीर्थोपाध्याय त्यांच्या वहीत, म्हणजे नामावळीत, घरच्यांची नावं लिहून घेत आणि खाली यजमानाची सही. बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूला हेच काम हेळवी करतात. ते गावोगाव फिरून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. आडनाव आणि मूळ गाव अचूक सांगितलं तरच योग्य वही निघते. आमचं गाव मुंतखबातून कळलं, म्हणून नाशिकला वही निघाली. १९२० च्या दशकातल्या त्या पानावर पणजोबांचं मोडी अक्षर आहे. त्यांनी भावांची नावं लिहिली आहेत, आईचं आणि बायकोचंही. आणि एका ओळीत, "बहीण, दिली गुलबर्गे", शेजारी तिचं माहेरचं नाव.

त्या दिवशी मी पानाचा फोटो काढला आणि फोल्डरमध्ये टाकून दिला. ही बहीण आमच्या वंशावळीत नव्हतीच, त्यामुळे ती ओळ कुठे जोडायची, ते कळत नव्हतं.

थुंकीच्या नळीतून काय कळतं

कंपनीच्या कामानं अमेरिकेत होतो तेव्हा मी डीएनए चाचणी करून घेतली. एका नळीत थुंकायचं आणि नळी पाठवून द्यायची. माणसाच्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. घरगुती चाचणी त्यातली साधारण सहा-सात लाख ठिकाणं तपासते, जिथं माणसामाणसांत फरक आढळतो.

यातून तीन प्रकारची माहिती मिळते. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र सरळ पुरुषरेषा दाखवतं. आईकडून सगळ्या मुलांकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए आई, तिची आई, तिची आई ही रेषा दाखवतो. वंशावळीत जी रेषा कुणी कधी लिहिली नाही, ती शरीरानं जपून ठेवली आहे. पण या दोन्ही रेषा बोलतात हजारो वर्षांच्या हिशेबात. तारनाक्यापासून जवळच, हबसीगुड्याच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या मंडळींबरोबर केलेल्या अभ्यासातून दिसलं, की उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे दोन प्राचीन समूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले. आपण जवळजवळ सगळेच त्या मिश्रणाची लेकरं. हे वाचायला थरारक आहे, पण पणजोबा नांदेडहून इथं का आले, ते त्यातून कळत नाही.

आपल्या कामाची आहे ती तिसरी माहिती: आई-बाबा दोघांकडून आलेला, दर पिढीला पिसला जाणारा डीएनए. सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. पणजोबा-पणजी एक असलेल्यांत सुमारे तीन टक्के. खापरपणजोबा-खापरपणजी एक असलेल्यांत टक्क्याच्याही आत, आणि अशा दहांतल्या साधारण एका जोडीत मोजण्याइतकंही साम्य उरत नाही. म्हणजे या चाचणीची नजर चार-पाच पिढ्यांपर्यंत पोचते, पुढे अंधुक होते.

आपल्या समाजात आणखी एक गुंता आहे. शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली. अनेक घरांत मामेबहिणीशी लग्न होतं, तेलंगणात आणि कर्नाटकात तर मामा-भाचीचंही. त्यामुळे दोन माणसं एकमेकांची अनेक वाटांनी नातलग असतात आणि चाचणीत नातं असतं त्यापेक्षा जवळचं भासतं. याची दुसरी बाजू आरोग्याची आहे. सीसीएमबीच्याच सहभागानं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून जास्त समूह तपासले गेले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याचा परिणाम फिनलंडच्या लोकांत आणि अश्कनाझी ज्यूंत दिसतो त्याहूनही ठळक होता. अशा समूहांत काही आनुवंशिक आजार जास्त आढळतात. त्याबद्दलची शंका मात्र डॉक्टरांकडे न्यावी, घरगुती अहवालावरून निदान करू नये.

गुलबर्ग्याची आत्याआजी

माझ्या अहवालात नातलगांची मोठी यादी आली. बहुतेक जण फार दूरचे. एक नाव मात्र वर होतं: बंगळूरला राहणारी, माझ्याच वयाची एक इंजिनिअर, ७१ सेंटीमॉर्गन साम्य. ढोबळमानानं एक टक्का, म्हणजे खापरपणजोबा एक असण्याची शक्यता. आडनाव कानडी. मी निरोप पाठवला, तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. घरी कानडी बोलतात, मूळचे गुलबर्ग्याचे, मराठी कुणालाच येत नाही. फक्त एक गोष्ट तिच्या आजीनं सांगितली होती: "आमची आई पैसे मोजायची ते मराठीत."

मग आम्ही दोघांनी पद्धतशीर काम सुरू केलं. आधी नातं कुठल्या बाजूचं ते ठरवायचं होतं. आईची चाचणी केली, तिच्याशी काहीच जुळलं नाही. म्हणजे बाबांची बाजू. मग ८६ वर्षांच्या आत्याला विचारलं. या वयात तोंडाला कोरड असते, नळी भरायला अर्धा तास लागला. "आयुष्यभर कुठं थुंकू नको म्हणून सांगितलं आणि आता हे!" असं म्हणत तिनं ती भरली. आत्या आमच्याहून एक पिढी वर, त्यामुळे तिचं साम्य जास्त यायला हवं होतं. ते १३८ आलं.

आता नाव हवं होतं. "आत्या, गुलबर्ग्याला आपलं कोण होतं?" एवढंच विचारलं.

"गुलबर्ग्याची आत्याआजी! आमच्या आजोबांची थोरली बहीण. दिवाळीत तिच्याकडून डबा यायचा. ती गेली, मग कोण येतंय अन् कोण जातंय."

नाव मात्र आत्याला आठवेना. सगळे तिला गावाच्या नावानंच ओळखत. मला नाशिकच्या वहीतली ती ओळ आठवली. तिथलं नाव बंगळूरला कळवलं आणि उत्तर आलं, की आमच्या पणजीचं नाव हे नाही. दोन दिवस सगळं अडलं. आईनं वाट मोकळी केली: "अरे, लग्नात नाव बदलतात ना! तांदळात लिहितात ते नाव सासरचं. वहीत भावानं लिहिलंय, तो माहेरचंच लिहिणार."

पक्का पुरावा शेवटी भांड्यानं दिला. बंगळूरच्या घरात एक तांब्याचं घंगाळ आहे. त्यावर देवनागरीत काही कोरलं आहे, घरात कुणाला ते धड लागत नव्हतं. तिनं फोटो पाठवला. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं माझ्या पणजोबांचं नाव, गावाचं नाव आणि खाली बहिणीचं माहेरचं नाव. फोटो मोठा करून आत्याला दाखवला. तिनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "हिलाच मी आत्याआजी म्हणायची. मला तिचं नावच कधी कळलं नाही."

ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते दोन घरांचं आहे. दोन्ही घरांच्या वंशावळीत मात्र आता ते आहे, माहेरचंही आणि सासरचंही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पटली. कागदांनी पुरुषांची नावं जपली. डीएनए बाईमाणूस आणि बाप्यामाणूस असा भेद करत नाही, पण त्याला कुणाचं नाव ठाऊक नसतं. नाव माहीत असतं एखाद्या आत्याला, आणि ती नेहमीच असणार नाही.

नळीत थुंकण्याआधी

चाचणी एकट्याची नसते. तुमचा निम्मा डीएनए तुमच्या सख्ख्या भावंडांतही असतो आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत कॅलिफोर्नियाला हादरवणारा गुन्हेगार २०१८ साली पकडला गेला, तो दूरच्या नातेवाइकांनी एका वंशावळीच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या डीएनएवरून. तिथं शेवट चांगला झाला. पण २०२३ साली ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीतली चोरी बघा: सुमारे १४ हजार खात्यांत चोर शिरले आणि नातलग शोधण्याच्या सोयीमुळे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

म्हणून घरात बसून आधी तीन गोष्टी ठरवाव्यात. दत्तक, दुसरं लग्न, लपवलेलं मूल असं काही निघालं तर कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही. ज्यानं 'नको' म्हटलं त्याचा नमुना घ्यायचा नाही, तो धाकटा असो वा थोरला. आणि काम झाल्यावर माहिती संकेतस्थळावर ठेवायची की काढून टाकायची. आमच्या एका काकांनी साफ नकार दिला. त्यांचा मान राखला आणि त्यांच्यावाचून काही अडलंही नाही.

या दिवाळीत एवढं करा

डीएनए चाचणी नाही केली तरी चालेल. सुरुवात बिनखर्ची आहे.

घरातल्या सगळ्यांत मोठ्या व्यक्तीसमोर फोनचा रेकॉर्डर सुरू करून, त्यांना विचारून, तासभर बसा. "आपला इतिहास सांगा" असं म्हटलं की त्या गप्प होतात. "दिवाळीला कुणाकडून काय यायचं?" असं विचारा, मग थांबत नाहीत.

प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव लिहा. महालयाची यादी असलेली वही घरात असेल तर ती आधी बघा, त्यात आईच्या बाजूचीही नावं असतात.

जुन्या भांड्यांवरची नावं, फोटोंच्या मागची अक्षरं, लग्नपत्रिका, ट्रंकेतले मोडी-उर्दू कागद यांचे फोटो काढा. वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

नवी वंशावळ लिहाल तेव्हा मुलींच्या नावापाशी रेघ थांबवू नका. आमच्या नव्या प्रतीत 'निपुत्रिक' हा शब्द उरलेला नाही. त्या चार मुलींपैकी दोघींची नावं मिळाली आहेत. उरलेल्या दोघींपैकी एक काचीगुड्यातच दिली होती, असं आत्या सांगते. त्या घरातलं कुणी हे वाचत असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटा. येताना घरातल्या जुन्या भांड्यांवर काय कोरलंय, ते बघून या.